कन्फ्यूज : कारखान्यांच्या पट्ट्यातला एक शब्द

‘कन्फ्यूज’ हा इंग्रजी शब्द पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातल्या मराठीत निदान पाच वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. दोन सारख्या वस्तूंची अदलाबदल, लक्ष उडाल्याने झालेली कसूर, अपुऱ्या किंवा परस्परविरोधी माहितीमुळे आलेला संभ्रम, नव्या जागी उडालेली भंबेरी आणि एकूणच अव्यवस्था, या सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो. मराठीत या पाचांसाठी पाच स्वतंत्र शब्द आहेत. गप्पांमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. कारखान्यात मात्र जाणवतो, कारण तिथे यातल्या प्रत्येकाचे कारण वेगळे असते आणि उपायही वेगळा.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कॉन’ म्हणजे एकत्र आणि ‘फुंदेरे’ म्हणजे ओतणे. दोन्ही मिळून ‘एकात एक ओतणे, मिसळून टाकणे’. ओतलेल्या दोन द्रवांमधला कोणता कुठला हे पुढे सांगता येत नाही, तीच कल्पना मनाच्या अवस्थेला लावली गेली. भोसरीत ओतकामाच्या कारखान्याला ज्या नावाने ओळखतात तो ‘फाउंड्री’ हा शब्दही याच ‘फुंदेरे’चा वंशज आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर सुरुवातीला ‘कन्फ्यूजन’चा अर्थ आजच्यापेक्षा बराच जड होता: विनाश, दाणादाण, मानहानी. ‘मनाचा गोंधळ’ हा सौम्य अर्थ पुढे स्थिरावला. गंमत अशी की इंग्रजीत आधी आले ते ‘कन्फ्यूज्ड’ हे विशेषण आणि त्यावरून मागाहून ‘कन्फ्यूज’ हे क्रियापद तयार झाले. त्याआधी क्रियापदाचे काम ‘कन्फाउंड’ हा शब्द करत असे.

हा शब्द या पट्ट्यात कसा रुळला हे समजण्यासाठी पट्ट्याची घडण पाहावी लागते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे बोलीतले ‘एमआयडीसी’, स्थापन झाले आणि त्याच दशकात टेल्को, बजाज यांसारख्या वाहन कंपन्या इथे आल्या. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळाली. चाकणचा काळ त्यानंतरचा: बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ २००९ मध्ये, महिंद्र त्याच्या पाठोपाठ. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा ठिकाणांहून आलेली माणसे एका लाइनवर उभी राहतात तेव्हा ‘भांबावलो’ हा शब्द सगळ्यांना कळेल याची खात्री नसते. ‘कन्फ्यूज’ सगळ्यांना कळतो. पूर्वेकडच्या हिंदीभाषक कामगारांनी तर त्याला आपला प्रत्यय लावून ‘कन्फ्यूजियाना’ असे क्रियापदच केले आहे.

मराठीने प्रत्यय लावला नाही. आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ‘होणे’ आणि ‘करणे’ ही सहायक क्रियापदे जोडली. ‘मी कन्फ्यूज झालो’, ‘मला कन्फ्यूज करू नको’. इंग्रजीतले क्रियापद इथे विशेषणासारखे वागते. ‘बोअर’चेही तेच झाले आहे. याच्या जोडीला ‘मला कन्फ्यूज होतंय’ अशीही रचना सर्रास ऐकू येते. पहिल्या रचनेत बोलणारा स्वतःची अवस्था सांगतो. दुसरीत ‘मला’ आल्यामुळे बोट समोरच्या कागदाकडे किंवा सूचनेकडे वळते. ‘मला कंटाळा आला’, ‘मला भीती वाटली’ या मराठमोळ्या घडणीतच ती बसते, आणि सुपरवायझरपुढे उभा असलेला ऑपरेटर ती निवडतो यात नवल नाही. नाम म्हणून ‘कन्फ्यूजन’ नपुंसकलिंगी चालते: ‘माझं कन्फ्यूजन झालं’, ‘एलएच-आरएचमध्ये कन्फ्यूजन झालं’. ‘कन्फ्यूज्ड’ हे पूर्ण रूप लाइनवर क्वचितच ऐकू येते. ते कचेरीत आणि कॉलेजात अधिक, आणि तिथे त्याचा रोख बहुधा माणसाच्या स्वभावावर असतो: नोकरी धरावी की पुढे शिकावे हे ठरवू न शकणारा मुलगा ‘जरा कन्फ्यूज्ड’ असतो.

आता मराठीचे स्वतःचे शब्द. त्यात सर्वांत मोठा संसार ‘गोंधळ’ या शब्दाचा. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा ही ज्यांची कुलदैवते आहेत त्या घरांत लग्नानंतर गोंधळ घातला जातो. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी घेऊन गोंधळी देवीचे आख्यान लावतात. रात्रभर चालणाऱ्या त्या गजरावरून ‘गोंगाट, अव्यवस्था’ हा अर्थ निघाला असे मानले जाते, आणि आज दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. ‘त्यांच्याकडे गोंधळ आहे’ या वाक्याचा अर्थ संदर्भाशिवाय सांगता येत नाही. अव्यवस्थेच्या अर्थाने गोंधळ हा परिस्थितीचा असतो, त्यात कोणा एकावर ठपका नसतो. ठपका हवा असेल तर मराठी माणूस ‘घोळ’ हा शब्द घेतो: घोळ कोणीतरी घातलेला असतो. ‘घोटाळा’ हाही मुळात गुंत्याचाच शब्द. वर्तमानपत्रांनी त्याला पैशाच्या अफरातफरीला इतके बांधून टाकले की साध्या चुकीला तो वापरायला आता लोक कचरतात.

‘गल्लत’ आणि ‘गफलत’ हे दोन शब्द उच्चाराने जवळचे म्हणून एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते योग्य नाही. दोन्ही अरबीतून फारसीमार्फत आले. गल्लत म्हणजे एक वस्तू दुसरी समजणे. तिला दोन वस्तू लागतात. गफलत म्हणजे बेसावधपणा. तिला एकच वस्तू पुरते आणि ती माणूस नीट ओळखतही असतो, फक्त त्या क्षणी त्याचे लक्ष नसते. डावा ब्रॅकेट उजवा समजून लावला ती गल्लत. ब्रॅकेट बरोबर लावला पण चार बोल्टांपैकी तीनच आवळले ती गफलत. ‘कन्फ्यूज’ या इंग्रजी शब्दाचा सगळ्यांत काटेकोर अर्थ, म्हणजे ‘अमुक आणि तमुक यांच्यात कन्फ्यूज होणे’, हा मराठीत गल्लतीचा आहे. गोंधळाचा नाही.

‘संभ्रम’ संस्कृतातून आला. ‘भ्रम्’ धातूचा अर्थ फिरणे, भोवंडणे. मराठीत तो ‘काय खरे मानावे’ या प्रश्नापाशी अडलेल्या मनासाठी वापरतात, आणि परिपत्रके व बातम्या यांच्या भाषेत तो विशेष लाडका आहे. शेजारच्या कन्नडमध्ये हाच शब्द आनंदोत्सवाला लावतात, त्यामुळे विजापूर-कलबुर्गीकडून आलेल्या कामगाराला ‘बोनसबाबत संभ्रम’ हा मथळा भलताच सुखद वाटू शकतो. ‘पेच’ फारसीतला, मूळ अर्थ पीळ, वळसा. मराठीत त्याचे स्क्रू, कुस्तीतला डाव आणि अडचणीची स्थिती असे तिन्ही अर्थ आहेत. ‘बुचकळ्यात पडणे’ यात पाण्यात बुडवून काढण्याची कल्पना आहे, ‘चक्रावणे’ यात चाकाची. ‘भांबावणे’, ‘गांगरणे’, ‘बावरणे’ हे नवख्या माणसाचे शब्द; त्यांत आवाज, गर्दी आणि भीती यांचा वाटा आकलनाच्या अडचणीपेक्षा मोठा असतो. कामावर पहिल्याच दिवशी आलेला ट्रेनी भांबावतो. त्याला कागद समजत नाही असे नसते. त्याला एकाच वेळी सायरन, फोर्कलिफ्ट, कानातले प्लग आणि दर मिनिटा-दीड मिनिटाला पुढे सरकणारी गाडी या सगळ्यांचा मेळ घालता येत नाही. त्याच्यावर इलाज सरावाचा.

कारखान्यात सर्वाधिक नुकसान करते ती गल्लत, म्हणून तिच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे. गाडीचे कितीतरी भाग जोडीने येतात आणि एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात: दरवाजे, आरसे, हेडलॅम्प, मडगार्ड, ब्रॅकेट. त्यांना ‘एलएच’ आणि ‘आरएच’ म्हणतात, म्हणजे डावा आणि उजवा. डावे-उजवे ठरते ते गाडीत बसून समोर पाहणाऱ्याच्या हिशेबाने. पण बंपर बसवणारा कामगार गाडीच्या तोंडासमोर उभा असतो. त्याचा उजवा हात जिकडे, तिकडे गाडीची डावी बाजू. बॉनेटखाली वाकून काम करताना हा उलटा हिशेब दिवसातून शेकडो वेळा मनात करावा लागतो, आणि थकलेला मेंदू तो एखाद्या वेळी विसरतो. यावर उपाय म्हणून ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘पॅसेंजर साइड’ असे लिहावे असे नवख्या इंजिनिअरला सुचते. देशातल्या गाड्यांपुरते ते चालते. चाकणमधून परदेशीही गाड्या जातात. फोक्सवॅगनची इथे तयार झालेली व्हेंटो मेक्सिकोला जात होती आणि तिथे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते. अशा गाडीत ‘ड्रायव्हर साइड’ म्हणजे एलएच, देशी गाडीत आरएच. दोन्ही प्रकार एकाच लाइनवर एकामागून एक आले की सोयीसाठी लावलेली चिठ्ठीच गल्लत घडवते. ‘एलएच’ बदलत नाही, म्हणून कंटाळवाणा असला तरी तोच शब्द टिकला.

बोल्टची कथा याहून बारीक. आठ मिलिमीटर व्यासाचा एम ८ बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांचा मिळतो: नेहमीचा १.२५ मिलिमीटर अंतराचा आणि बारीक आट्यांचा १ मिलिमीटरचा. दोन्हींचे डोके तेच, पाना तोच, लांबीही तीच असू शकते. एका बिनमधला बोल्ट दुसऱ्यात पडला तर नुसत्या डोळ्यांनी तो वेगळा काढणे अवघड. चुकीचा बोल्ट पहिल्या एक-दोन फेऱ्या धरतोही, मग अडतो. बोल्ट आवळणाऱ्या गनचा जोर लावला की आटे जातात आणि ज्यात तो घातला तो महागडा जॉब रिजेक्शनमध्ये जातो. ‘जॉब’ या शब्दाचेही इथे असेच आहे. मशीनवर चढवलेल्या तुकड्याला शॉपमध्ये जॉब म्हणतात, घरी आणि कचेरीत जॉब म्हणजे नोकरी. ‘जॉब गेला’ हे वाक्य कुठे उभे राहून बोलले यावर ऐकणाऱ्याची छाती धडधडावी की नाही हे ठरते.

ड्रॉइंगमधला संभ्रम तिसऱ्या जातीचा. इथे माणूस सावध असतो, वस्तू एकच असते, पण कागद दोन प्रकारे वाचता येतो. भारतात आणि युरोपात ड्रॉइंग ‘फर्स्ट अँगल’ पद्धतीने काढतात, अमेरिकेत ‘थर्ड अँगल’ने. पहिल्या पद्धतीत डावीकडून दिसणारे दृश्य मुख्य आकृतीच्या उजवीकडे काढतात, दुसरीत डावीकडेच. कोणती पद्धत वापरली ते कागदाच्या कोपऱ्यातल्या कापलेल्या शंकूच्या छोट्या चिन्हावरून कळते. गोल शाफ्टला याने काही फरक पडत नाही. एका अंगाला कान असलेल्या ब्रॅकेटला पडतो: चिन्ह न पाहता काम केले तर कान दुसऱ्या अंगाला येतो आणि तपासणीत सगळी मापे बरोबर भरूनही भाग बसत नाही. जर्मन कंपन्यांच्या ड्रॉइंगने आणखी एक भर घातली. तिकडे दशांशासाठी टिंब नसून स्वल्पविराम असतो, आणि हजारांचे गट पाडायला टिंब. ‘१,५००’ हा आकडा चाकणच्या वर्कशॉपमालकाला सवयीने पंधराशे दिसतो. जर्मन ड्रॉइंगमध्ये तो दीड असतो. मापाच्या बाबतीत ही चूक लगेच लक्षात येते, कारण दीड मिलिमीटरचा पत्रा आणि दीड मीटरचा पत्रा यांत कोणी फसत नाही. फसगत होण्याची खरी जागा नगांची संख्या आणि किंमत लिहिलेले कागद.

यातल्या बऱ्याच चुकांवर जपानने शोधलेला उपाय आज चाकणमधल्या छोट्या पुरवठादाराच्या फलकावरही देवनागरीत लिहिलेला दिसतो: ‘पोकायोके’. १९६१ साली शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यापुढे एका साध्या स्विचचा प्रश्न आला. स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या, आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगोंनी कामाचा क्रम बदलला: आधी दोन स्प्रिंग काढून एका छोट्या ताटलीत ठेवायच्या, मग तिथून उचलून बसवायच्या. ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक जागीच कळते. अशा युक्त्यांना सुरुवातीला ‘बाकायोके’ म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार स्त्री दुखावली आणि रडू लागली. त्यानंतर १९६३ मध्ये शिंगोंनी नाव बदलून ‘पोकायोके’ केले. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक. ही नुसती सभ्यता नव्हती. चूक करणारा मूर्ख असतो हे गृहीत सोडल्याशिवाय यंत्राची आणि मांडणीची रचना बदलण्याचे कोणाच्या मनातच येत नाही.

गल्लतीवरचे पोकायोके वस्तूच्या आकारात घातलेले असते. भाग जागेवर धरणाऱ्या फिक्स्चरच्या दोन लोकेटिंग पिना वेगवेगळ्या व्यासाच्या ठेवल्या की डावा भाग उजव्या जागी बसतच नाही. वायरिंगच्या कनेक्टरला खाच आणि रंग दिला की उलटा लावता येत नाही. बारकोड जुळल्याशिवाय गन चालू होत नाही. गफलतीवरचे उपाय मोजण्याचे असतात: चार बोल्ट आवळल्याची नोंद गनने स्वतः घेतली नाही तर लाइन पुढे सरकत नाही. अव्यवस्थेवर ‘फाइव्ह एस’, म्हणजे नको ते काढणे, उरलेले जागेवर लावणे, साफसफाई, एकसारखी पद्धत आणि शिस्त. संभ्रमावर यांतले एकही चालत नाही. ड्रॉइंगच दोन अर्थांचे असेल तर फिक्स्चरही त्याच चुकीच्या वाचनावरून बनते आणि मग ते चुकीचा भाग अत्यंत अचूकपणे, हजारोंच्या संख्येने बनवते. संभ्रमाला एकच उपाय, ज्याने कागद लिहिला त्याला विचारणे. पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपांना नेमके तेच जड जाते, कारण ड्रॉइंग पाठवणारी कंपनी मोठी असते आणि विचारणारा अडाणी दिसेल अशी भीती असते.

जागांच्या नावांचा संभ्रम हा या पट्ट्यातला जुना आणि मजेदार विषय आहे. तळेगाव-चाकण-शिक्रापूर हा मालवाहतुकीचा मुख्य रस्ता. त्याच्या एका टोकाला मावळातले तळेगाव दाभाडे आहे, आणि दुसऱ्या टोकाला शिक्रापूरजवळ शिरूर तालुक्यातले तळेगाव ढमढेरे. चाकण चौकात उभ्या असलेल्या परप्रांतीय ट्रकचालकाने नुसते ‘तळेगाव’ विचारले तर त्याला दोन्ही दिशांना बोट दाखवणारी माणसे भेटतील आणि दोघेही खरेच सांगत असतील. चाकण एमआयडीसीतले महाळुंगे हे खेड तालुक्यातले महाळुंगे इंगळे. बाणेर-बालेवाडीला लागून असलेले म्हाळुंगे मुळशी तालुक्यातले. आणि आंबेगाव तालुक्यात आहे म्हाळुंगे पडवळ. खुद्द खेडचे नाव हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झाले, तालुका मात्र खेडच राहिला, आणि रत्नागिरी जिल्ह्यात दुसरे खेड आहेच. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख ही तिन्ही तर एकाच महापालिकेत.

या नावांकडे नीट पाहिले तर गल्लत टाळण्याची सोयही त्यांतच दिसते. दाभाडे, ढमढेरे, इंगळे, पडवळ ही घराण्यांची नावे गावाला जोडली गेली त्यामुळे एकसारख्या नावाची गावे वेगळी ओळखता येऊ लागली. बुद्रुक आणि खुर्द यांचे कामही तेच. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. महसुली दप्तराने शतकानुशतके वापरलेली ही पद्धत डिलिव्हरी चलनावर जागा वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि मग गाडी पन्नासेक किलोमीटर भलतीकडे जाते.

वेळ आणि आकडे यांच्याबाबतीत मराठी-हिंदीची सरमिसळ आपली भर घालते. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत, हिंदीत दोन्हींना ‘कल’. मराठीने मिरवायचे कारण नाही, कारण एक दिवस पुढे सरकले की आपला ‘परवा’ही मागचा आणि पुढचा दोन्ही असतो. ‘माल परवा निघाला’ आणि ‘माल परवा निघेल’ यांतला फरक फोनवर क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांत अडकलेला असतो. रात्री सुरू होऊन सकाळी सुटणाऱ्या पाळीत बारा वाजता तारीख बदलते, पण उत्पादनाची तारीख कधी बदलायची हे प्रत्येक कंपनीचा नियम ठरवतो. दोन कंपन्यांत काम केलेल्या कंत्राटी कामगाराची बॅच नंबर टाकताना यात हमखास फसगत होते. आकड्यांत मराठी एकक आधी बोलते: सत्तावीस, बहात्तर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असेही वाचन सुचवले गेले तेव्हा राज्यभर वाद पेटला. शॉपवरच्या माणसांनी त्या वादाची वाट पाहिली नव्हती. मापे तिथे आधीपासूनच एकेक आकडा सुटा करून इंग्रजीत बोलली जातात. फॅब्रिकेशनच्या जुन्या कारागिरांच्या तोंडी मात्र ‘सूत’ अजून आहे, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी.

वैद्यकात ‘कन्फ्यूज’ला नेमका आणि गंभीर अर्थ आहे. ‘पेशंट कन्फ्यूज्ड आहे’ असे डॉक्टर म्हणतो तेव्हा त्या माणसाला आपण कोण, कुठे आहोत, आज वार कोणता यांचे भान राहिलेले नाही असा त्याचा अर्थ असतो. उन्हाळ्यात ओतकामाच्या किंवा फोर्जिंगच्या शॉपमध्ये काम करणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो; शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे आणि भान हरपणे ही त्याची मुख्य लक्षणे. मधुमेही कामगाराची साखर उतरली, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठला किंवा पक्षाघाताची सुरुवात झाली तरी हेच दिसते. ‘झोप झाली नसेल, कन्फ्यूज झालाय’ म्हणून अशा माणसाला बाकावर बसवून ठेवणे धोक्याचे. उष्माघाताची शंका असेल तर त्याला सावलीत आणून अंग गार करावे; कारण कोणतेही असो, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये आणि दवाखान्यात हलवावे.

कायद्यातही शब्दाला व्याख्येचे वजन आहे. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ प्रमाणे एखादे चिन्ह दुसऱ्याशी इतके जुळत असेल की फसवणूक किंवा संभ्रम होण्याचा संभव आहे, तर ते ‘फसवे साम्य’ असलेले ठरते. संभ्रम प्रत्यक्ष झाला हे दाखवावे लागत नाही, संभव पुरतो. कसोटी असते ती बेताच्या स्मरणशक्तीच्या सामान्य गिऱ्हाइकाची. १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली. २००१ मध्ये ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियाच्या औषधांच्या वादात औषधांसाठी ती आणखी कडक हवी असे न्यायालयाने सांगितले, कारण तिथल्या गल्लतीने जीव जाऊ शकतो. त्याच वर्षी ‘महेंद्र अँड महेंद्र’ या कागद कंपनीविरुद्ध महिंद्र अँड महिंद्रने मिळवलेला मनाई हुकूमही कायम राहिला. सुट्या भागांच्या बाजारात हा प्रश्न रोजचा आहे: वेष्टनाचा रंग तोच, अक्षरांचे वळण तेच, नावात एखादाच अक्षरबदल.

संख्याशास्त्राने ‘कन्फ्यूजन’ला चार घरांत बसवले. कॅमेऱ्याने भाग तपासणाऱ्या यंत्रणेचा ‘कन्फ्यूजन मॅट्रिक्स’ सांगतो की चांगले किती चांगले ओळखले, वाईट किती वाईट, चांगले किती फुकट नाकारले आणि वाईट किती सुटले. शेवटच्या दोन घरांची किंमत सारखी नसते. नाकारलेला चांगला ब्रेकचा भाग पुन्हा तपासता येतो. सुटलेला वाईट भाग रस्त्यावर जातो.

व्यवहारात या शब्दाला हटकण्याचे कारण नाही. बोलताना ‘कन्फ्यूज झालो’ म्हणणारा समोरच्याला जे सांगायचे ते पुरेसे सांगत असतो. अडचण लेखी कागदाची आहे. रिजेक्शनच्या अहवालात कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटर कन्फ्यूज झाला’ असे लिहिले की पुढच्या रकान्यात उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढेच येते, आणि महिन्याभरात तेच रिजेक्शन पुन्हा उभे राहते. डावे-उजवे उलटले असेल तर ‘गल्लत’ लिहावे, बोल्ट राहिला असेल तर ‘गफलत’, कागदाचे दोन अर्थ निघत असतील तर ‘ड्रॉइंग संदिग्ध’ लिहावे आणि कोणत्या मापाशी ते संदिग्ध आहे तेही लिहावे. पाच वेळा ‘का’ विचारण्याची टोयोटाची रीत जे कारखाने पाळतात, त्यांनी पहिल्या उत्तरात ‘कन्फ्यूज’ खुशाल चालवून घ्यावा. पाचव्या उत्तरातही तोच शब्द असेल तर तो अहवाल परत पाठवावा.